समईमागची चादर : स्थिरचित्रातील मांडणी आणि पार्श्वभूमी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आपल्या सदनिकेत, उत्तरेकडच्या खिडकीजवळ आपण घरातल्या जुन्या वस्तूंची आणि फळांची छायाचित्रे काढता. कॅमेरा साधा आहे, १८-५५ मिमीची भिंग सोबत आलेली आहे. तरीही वस्तू मागच्या कापडाला चिकटवल्यासारख्या दिसतात, चित्रात गर्दी वाटते, आणि म्हणून कोणती पार्श्वभूमी विकत घ्यावी, असे आपण विचारले आहे. सोबत तीन छायाचित्रे पाठवली आहेत : मरून रंगाच्या चादरीपुढची पितळी समई, जेवणाच्या टेबलावरची सीताफळांची टोपली आणि पांढऱ्या भिंतीपुढची लोणच्याची बरणी. मी नौपाड्यात बावीस वर्षे हेच काम करतो आहे आणि माझे पहिले सांगणे असे की, सध्या काहीही विकत घेऊ नये. आपल्या तिन्ही चित्रांतला दोष कापडाच्या निवडीत नाही. पार्श्वभूमी म्हणजे वस्तूच्या मागे लावायची एक गोष्ट, हा जो समज आपण धरला आहे, त्यात तो आहे. पार्श्वभूमी ही वस्तूभोवती उरलेली जागा असते, तिला स्वतःचा आकार असतो, स्वतःचा उजेड असतो, आणि तो उजेड वस्तूवरच्या उजेडापासून वेगळा ठरवावा लागतो.

हा समज येतो कोठून, तेही सांगतो, कारण तो माझाही होता. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्या आहेत. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या पेपरला मध्ये एक स्टूल, त्यावर तांब्या, एखादे वांगे किंवा केळी, आणि मागे फळीवरून सोडलेले चुण्यांचे कापड, अशी मांडणी डोळ्यांपुढे असे. त्या कापडाला तेथे कारण होते : विद्यार्थ्याला चुण्या रेखाटता येतात का, हे पाहायचे असे. छायाचित्रात मात्र चुण्या कॅमेरा आपोआप टिपतो, त्यात कोणाचीही परीक्षा नसते, आणि प्रत्येक चुणीची उजळ कड नजरेला वस्तूपासून दूर ओढत राहते. आपल्या समईच्या चित्रात चादरीची एक ठळक घडी नेमकी समईच्या टोकावरच्या मोरातून तिरकी गेली आहे. प्रथम तिथेच लक्ष जाते, समईकडे नंतर.

आता अंतराविषयी. आपली चादर समईच्या मागे वीतभर अंतरावर आहे. त्यामुळे तीन गोष्टी एकाच वेळी घडतात : समईची सावली चादरीवर पडते, चादरीची वीण समईइतकीच स्पष्ट येते, आणि दोघींवर सारखाच उजेड पडतो. चादर तीन फूट मागे न्या आणि भिंग ५५ मिमीवर ठेवा. हे दुसरे सांगणे पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि त्याचे कारण आकड्यांत पाहिले म्हणजे पटते. समजा, समईच्या पातळीवर चौकटीत दीड फूट रुंदीची जागा घ्यायची आहे. आपल्या कॅमेऱ्यात १८ मिमीवर त्यासाठी सुमारे सव्वा फूट जवळ जावे लागते, आणि मग तीन फूट मागची सव्वापाच फूट रुंदीची जागा चित्रात शिरते : चादर, तिच्या बाजूची भिंत, स्विचबोर्ड, सगळे. ५५ मिमीवर आपण साडेतीन फूट मागे येता, आणि मागची केवळ पावणेतीन फूट जागा दिसते. म्हणजे पार्श्वभूमीसाठी तीन फूट रुंदीचा तुकडा पुरतो. घर लहान आहे म्हणून मोठी पार्श्वभूमी लावता येत नाही, ही तक्रार मी नेहमी ऐकतो, पण बहुतेक वेळा अडचण घराची नसून फार जवळून, रुंद भिंगाने काढण्याच्या सवयीची असते. भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ वर ठेवल्यास समई पुढूनमागून पुरेशी स्पष्ट राहते आणि तीन फूट मागच्या कापडाची वीण व बारीक सुरकुत्या मावळतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १००, कॅमेरा तिपाईवर, दोन सेकंदांचा टायमर. याहून अधिक तांत्रिक गोष्टींची येथे गरज नाही. फोनने काढत असाल तर दुपटीची (२x) भिंग वापरा, आणि पार्श्वभूमी खोटी धूसर करणारी पोर्ट्रेटची सोय बंद ठेवा, कारण समईच्या बारीक कडा आणि सीताफळाचे देठ ती हमखास खाऊन टाकते.

आपण लिहिले आहे की उत्तरेची खिडकी मऊ उजेड देते असे वाचले होते, पण मे महिन्यात तिच्यातूनही कडक ऊन आत आले. आपले निरीक्षण बरोबर आहे. तो सल्ला युरोपातल्या चित्रकारांच्या खोल्यांमधून आलेला आहे आणि तिकडे तो खरा आहे. ठाणे १९ अंशांहून थोडे अधिक उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर तो उगवतो व मावळतो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणून आपल्या उत्तरेच्या खिडकीचा निर्धास्त काळ म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातले ढगाळ दिवस मात्र मला सर्वांत प्रिय आहेत. आषाढात येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले असतात तेव्हा खिडकीतून येणारा उजेड इतका एकसंध असतो की वर्षातले माझे निम्मे स्वतःचे काम मी त्या दिवसांत उरकतो. आणखी एक गोष्ट संकुलांमध्ये राहणाऱ्यांनी पाहावी : समोरच्या इमारतीचा रंग. आपल्या बरणीच्या पांढऱ्या भागावर जी हिरवट छटा आहे, ती कॅमेऱ्याची चूक नसून बहुधा समोरच्या भिंतीवरून उसळून आलेला उजेड आहे. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर जाड कापड टाकून फक्त वरचे आकाश मोकळे ठेवले की ही छटा बरीच जाते. आणि खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा उजेड एका बरणीवर एकत्र आला की तो नंतर सुधारता येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. उजेड डावीकडच्या खिडकीतून येत असेल, तर वस्तूची डावी बाजू उजळ आणि उजवी गडद होते. अशा वेळी मागची जागा डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ असेल, तर वस्तूच्या दोन्ही कडा आपोआप सुटून पुढे येतात : उजळ कड गडदावर, गडद कड उजळावर. युरोपातल्या जुन्या चित्रकारांनी ही युक्ती शतकानुशतके वापरली आहे. माझ्या मते पार्श्वभूमीविषयी शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती हीच. अडचण अशी की निसर्गतः उलटे घडते. खिडकी डावीकडे असली की मागच्या पडद्याचाही डावा भाग तिला जवळ, म्हणून तोच अधिक उजळतो, आणि वस्तूची उजळ कड उजळ पडद्यात हरवते. आपल्या समईचे नेमके हेच झाले आहे.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या सामानात होतात. पहिला असा की खिडकी आणि पडद्याच्या डाव्या भागामध्ये एक काळा कार्डशीट उभा करावा, जेणेकरून समईवर उजेड पडत राहील पण पडद्याचा डावा भाग सावलीत जाईल. हा कार्डशीट पडद्याजवळ ठेवला तर सावलीची कड कठीण दिसते, खिडकीकडे सरकवला तर ती मऊ होते आणि गडदाकडून उजळाकडे हळूहळू जाणारी एक छटा तयार होते. ती छटा किती लांब असावी, हे कार्डशीट वीत-वीतभर सरकवून डोळ्यांनीच ठरवायचे असते, आणि या कामात घाई करू नये. दुसरा उपाय म्हणजे पडदा सपाट न लावता मोठ्या राखाडी कागदाची उजवी बाजू पुढे वळवून आणणे. ती बाजू खिडकीकडे तोंड करते म्हणून उजळते, डावी बाजू खिडकीला कडेने दिसते म्हणून अंधारते. एकाच राखाडी कागदातून जवळजवळ काळ्यापासून फिकट राखाडीपर्यंत सर्व छटा अशा मिळतात. आपण पाच रंगांचे पडदे घेण्याचा विचार करत होता, त्याऐवजी एका मध्यम राखाडी पृष्ठभागावर उजेड कमीजास्त करायला शिकणे अधिक उपयोगाचे आहे, असे मी का म्हणतो ते यावरून ध्यानात येईल.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये एका ढोबळ्या मिरचीचे जे छायाचित्र काढले, ते जगभर प्रसिद्ध आहे. ती मिरची त्यांनी पत्र्याच्या एका मोठ्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याचा आतला भाग मागून काळोख देतो आणि त्याच वेळी कडांवरून उजेड परतवून मिरचीच्या वळणांवर टाकतो. म्हणजे तेथे पार्श्वभूमी हीच प्रकाशयोजनाही आहे. मी विद्यार्थ्यांना घरातले मोठे पातेले आडवे ठेवून त्यात एखादे वांगे किंवा ढोबळी मिरची ठेवायला सांगतो. एका दुपारी पार्श्वभूमीविषयी जेवढे कळते, तेवढे महिनाभर ऐकूनही कळत नाही.

पितळेची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिच्यावर थोडे अधिक लिहिणे भाग आहे. समई, घंगाळ, गडू, पानाचा डबा अशा चकचकीत गोल वस्तूंना दोन पार्श्वभूमी असतात. एक त्यांच्या मागे दिसते, दुसरी त्यांच्या अंगात दिसते. पितळेचा गोल भाग हा बहिर्वक्र आरसा असतो. त्यात जवळजवळ संपूर्ण खोली लहान होऊन उमटते : ग्रिलसह खिडकी, छताचा पांढरा चौकोन, तिपाई, आणि ती धरून उभे असलेले आपण. आपल्या चित्रात समईच्या तबकाखालच्या फुगीर भागावर ग्रिलच्या सात पट्ट्या मोजता येतात. सुरुवातीच्या काळात वागळे इस्टेटमधल्या एका भांडी बनवणाऱ्या कारखान्याचे काम मी पांढरा शर्ट घालून केले होते. प्रत्येक झाकणावर पांढऱ्या शर्टाचा उभा पट्टा उमटला होता आणि ते मला रात्री मोठ्या पडद्यावर पाहताना कळले. दोन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून धातूचे काम मी गडद कपड्यांतच करतो.

म्हणून समईपुढे जी खोली आहे, तिचीही मांडणी करावी लागते. खिडकी आणि समई यांच्यामध्ये, समईच्या शक्य तितके जवळ, पण चौकटीबाहेर, लाकडी चौकटीवर ताणलेले जुने धोतर किंवा ट्रेसिंग पेपर लावावा. ग्रिल नाहीसे होते आणि पितळेवर एक लांब, शांत, अखंड उजळ पट्टा येतो. विरुद्ध बाजूला पांढरा कागद ठेवण्याचा मोह होतो, कारण सावली कमी करण्यासाठी तसे करावे असे सर्वत्र सांगितलेले असते. पितळेला दोन्हीकडून पांढरे दाखवले की ते फिके, पत्र्यासारखे दिसते. तेथे काळा कार्डशीट ठेवा. पितळेच्या उजव्या कडेवर एक गडद रेषा उमटेल आणि त्या रेषेने समईचा दांडा खरोखर गोल दिसू लागेल. धातूचा घाट उजेडापेक्षा अंधारानेच अधिक सांगितला जातो. कडेवरच्या झळाळीचे तपशील जळून पांढरे होऊ नयेत म्हणून, विशेषतः मागे गडद असताना, एक्सपोजर, म्हणजे चित्रासाठी कॅमेरा घेतो तो एकूण उजेड, एका टप्प्याने कमी करून पाहावे. आणि समई पितांबरीने घासाल तेव्हा खोबणींमधला काळपटपणा राहू द्या. नक्षी त्या काळपटपणामुळेच वाचता येते, सगळीकडून लखलखीत केलेली जुनी समई कालच विकत आणल्यासारखी दिसते.

बोलोन्याचे चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०-१९६४) यांनी तर काही बाटल्यांना रंगाचा लेप देऊन त्यांची चकाकीच काढून टाकली होती. झोपायची आणि काम करायची खोली एकच, त्याच त्या बाटल्या, तीच टेबले, आणि अशी कित्येक दशके. वस्तूंची निवड संपल्यानंतर मांडणी सुरू होते हे त्यांच्या चित्रांतून कळते. त्यांचा उल्लेख करण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या टोपलीच्या चित्रात दोन सीताफळांच्या कडा एका बिंदूत एकमेकींना टेकल्या आहेत आणि टोपलीचा काठ टेबलाच्या मागच्या कडेला नेमका टेकला आहे. अशा टेकलेल्या कडा डोळ्याला अडकवतात, कारण पुढे काय आणि मागे काय, हे त्या ठिकाणी कळेनासे होते. मोरांदी हे जाणूनबुजून करत, खोलपणा आणि सपाटपणा यांच्यातला तो ताण हाच त्यांचा विषय होता. आपला विषय तो नसेल, तर एक वस्तू दुसरीवर स्पष्टपणे, निदान पावभाग तरी, चढवावी, किंवा दोघींमध्ये दोन बोटांचे अंतर मोकळे ठेवावे. मधली अवस्था टाळावी.

टोपलीच्या चित्रात याहून मोठी अडचण आहे ती टेबलाच्या कडेची. ती रेषा फळांच्या मध्यातून गेली आहे, आणि तिच्यावर सोफा व फुलाफुलांचा पडदा दिसतो. कॅमेरा थोडा वर घेतला की ती रेषा फळांच्या वर सरकते, अगदी खाली आणला की फळांच्या बुडाशी येते. यांपैकी काहीही चालेल, मध्यावर मात्र नको. भांड्यांच्या बाबतीत कॅमेऱ्याची उंची आणखी जपून ठरवावी लागते, कारण तोंडाचा लंबगोल किती उघडा दिसतो हे तिच्यावर अवलंबून असते. फार वरून पाहिले तर तांब्याचा गळा आणि पोट यांचा घाट नाहीसा होतो. मी साधारण बसलेला माणूस ताटाकडे पाहतो त्याहून थोड्या खालच्या कोनातून सुरुवात करतो आणि बोटबोट खाली येतो.

मांडणीसाठी टोपली पूर्ण रिकामी करा. एकच सीताफळ ठेवा आणि त्याच्यासाठी उजेड व मागची जागा जुळवा. सीताफळाच्या खवल्यांना उजेड कडेने, किंचित मागून हवा, समोरून आला तर ते खवले सपाट होतात. ते एक फळ एकटे चांगले दिसल्याशिवाय दुसरे आणू नये. दुसरे आणल्यावर दोन्ही फळांकडे न पाहता त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे पाहा : तिला काही आकार आहे का, की ती नुसती फट आहे? वस्तू विषम संख्येत ठेवाव्यात, चौकट तीन भागांत विभागावी, असे नियम आपण वाचले असतील. मला त्यांचा फारसा उपयोग झालेला नाही, कारण तीन फळे वाईट मांडता येतात आणि दोन फार चांगली. स्पेनमधल्या हुआन सांचेस कोतान यांनी १६०२ च्या सुमारास एका काळ्या खिडकीत दोरीने टांगलेले फळ आणि कोबी, आणि कठड्यावर कलिंगडासारखे कापलेले एक खरबूज व काकडी रंगवली. चौकटीचा फार मोठा भाग त्यांनी निव्वळ काळा ठेवला आहे आणि साऱ्या वस्तू एका उतरत्या वळणात बसवल्या आहेत. त्या रिकाम्या काळ्या जागेनेच भाज्यांना वजन येते. जांभळी नाक्यावरून आणलेली सगळीच फळे चौकटीत बसवायची गरज नसते.

एक सीताफळ फोडून ठेवणार असाल तर त्याचा पांढरा गर हा चित्रातला सर्वांत उजळ भाग होईल आणि नजर तेथेच थांबेल, हे धरूनच त्याची जागा ठरवा. बाकी सगळी मांडणी अखंड फळावर करून घ्या आणि फोडलेले शेवटी ठेवा, कारण गर लवकर तपकिरी पडू लागतो. टेबलावरच्या लाकडाची छपाई केलेल्या सनमायकाऐवजी खरे काहीतरी वापरा. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याचा उरलेला तुकडा, जुना पाट, घोंगडीचा तुकडा, यांचे पृष्ठभाग फळांशी जुळतात. कडप्पा पॉलिश केलेला नसावा.

बरणीविषयी थोडक्यात. वर तपकिरी, खाली पांढरी अशी ती चिनीमातीची बरणी पांढऱ्या भिंतीपुढे ठेवल्यामुळे तिचा खालचा भाग भिंतीत विरला आहे. भिंत पांढरीच ठेवायची असेल तर बरणीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या अगदी बाहेर, काळे कार्डशीट उभे करा. चकाकीवर दोन बारीक गडद कडा येतील आणि पांढऱ्यावर पांढरे सुटे होईल. चित्र करडे पडू नये म्हणून येथे एक्सपोजर एका टप्प्याने वाढवावे लागेल, समईच्या नेमके उलट.

एखादी कायमची पार्श्वभूमी हवीच असेल तर ती घरी करावी. दोन बाय तीन फुटांचा सहा मिलिमीटर प्लायवुडचा तुकडा घ्या, प्रायमरचा एक हात द्या, आणि मग एकमेकांजवळचे दोन-तीन राखाडी-तपकिरी रंग ओल्या स्पंजने एकमेकांत मिसळत लावा. रंग मॅट असलाच पाहिजे, ऑइल पेंट नको, तो चकाकतो. एका बाजूला थंड राखाडी आणि दुसऱ्या बाजूला मातकट तपकिरी केले तर पितळ आणि फळे दोन्हींचे काम भागते. पिवळे पितळ निळसर राखाडीवर जसे उठते तसे मरूनवर उठत नाही, कारण मरून स्वतःच उबदार आहे आणि तो पितळेशी स्पर्धा करतो.

पुढच्या वेळी समईचे छायाचित्र काढाल तेव्हा सोबत आणखी एक साधा फोटो पाठवा. मांडणी पूर्ण झाल्यावर समई क्षणभर उचलून बाजूला ठेवा, तिच्या जागी फोन धरा आणि कॅमेऱ्याच्या दिशेने एक फोटो काढा. समईला खोली कशी दिसते ते त्यात कळेल, आणि पितळेत काय उमटते आहे, कोणता कार्डशीट कोठे सरकवायला हवा, हे मी त्यावरून आपल्याला नेमके सांगू शकेन.